परोपकाराची मनसबदारी

दान देणे ही गोष्ट शास्त्रकारांनी कितीही दुष्कर म्हणून वर्णिली असली, तरी तिचा विधी एकंदरीत सोपा आहे: खिशात हात घालावा, हाताला लागेल ते बाहेर काढावे, समोरच्याच्या ओंजळीत ठेवावे आणि आपले मन बदलण्यापूर्वी तेथून काढता पाय घ्यावा. खरी पंचाईत त्यानंतर उत्पन्न होते, आणि ती देणाऱ्याची नसून घेणाऱ्याची असते. ज्याने दिले त्याचे पुढे करायचे काय? त्याचे आभार थोडक्यात मानले तर ते त्याला कमी वाटतात. सविस्तर मानले तर त्याच्याच शेजारी बसलेल्या, आणि त्याच्याहून दुप्पट रक्कम दिलेल्या, सद्गृहस्थाला ते अधिक वाटतात. आणि दोघांचेही सारखेच मानले, तर दोघेही घरी परतताना, एक संकोचाने व दुसरा संतापाने, एकाच निर्णयाप्रत येतात, की पुढील साली एवढे देण्याचे काही कारण नाही. गावच्या देवळाचे पंच हा पेच पायरीच्या फरशीवर नाव कोरून सोडवतात, कारण गाव लहान असते, पायऱ्या मोजक्या असतात, आणि कोणी किती दिले हे फरशीवर न लिहिताही सर्वांना तोंडपाठ असते. परंतु ज्या संस्थेचे दाते दोनशेहून अधिक देशप्रदेशांत विखुरलेले आहेत, आणि ज्यांची भाषा, वेष, नाणे व जेवणाची वेळ यांपैकी एकही गोष्ट परस्परांशी जुळत नाही, त्या संस्थेने ओसाकाच्या दात्याला ओक्लाहोमाच्या दात्यापासून, आणि या दोघांनाही बार्शीच्या अडत्यापासून, निराळे ओळखावे तरी कसे?

या प्रश्नाचे जे उत्तर रोटरी फाउंडेशनने शोधून काढले, ते आकाराने आपल्या जुन्या चवलीहून लहान असून कोटाच्या डाव्या बाजूला टाचता येते. मी स्वतः रोटेरियन नाही. परंतु आमच्या भागातील क्लबांमध्ये बाहेरच्या वक्त्याला एक भोजन आणि एक स्मृतिचिन्ह एवढ्या मोबदल्यावर आमंत्रण देण्याचा प्रघात असल्यामुळे, आणि भोजनाच्या बाबतीत माझे धोरण फारसे कठोर नसल्यामुळे, अशा सभांच्या व्यासपीठावर बसून समोरच्या कोटांकडे निवांतपणे पाहण्याचा योग मला वारंवार येतो. पुढील विवेचनाला एवढाच काय तो अधिकार समजावा.

इतिहास थोडक्यात सांगावयाचा तर तो लाकडाच्या वखारीतून सुरू होतो. १९१७ साली, युरोपात महायुद्धाचा वणवा पेटलेला असताना, अमेरिकेतील अटलांटा शहरी रोटरीचे अधिवेशन भरले. त्या सालचे अध्यक्ष क्लीव्हलंडचे आर्च क्लम्फ. यांचा व्यवसाय इमारती लाकडाचा, आणि फावल्या वेळेत ते तेथील वाद्यवृंदात बासरी वाजवीत. या दोन्ही व्यासंगांत जी चिकाटी लागते ती अंगी असलेल्या या गृहस्थांनी अशी सूचना मांडली, की जगात काही भले करण्यासाठी संस्थेचा एक कायम निधी असावा. सूचना इतकी निर्दोष होती की तिला कोणी विरोध केला नाही. आणि ज्या सूचनेला कोणीच विरोध करत नाही, तिला कोणी पैसेही देत नाही, हा जो सभाशास्त्राचा सार्वत्रिक अनुभव आहे तो तेथेही आला. पहिली देणगी मिसूरी संस्थानातील कॅन्सस सिटीच्या क्लबाने पाठवली: २६ डॉलर आणि ५० सेंट. सहा वर्षांनंतर दप्तर उघडून पाहिले तेव्हा निधी ७०० डॉलरपर्यंत पोहोचला होता. मला हे आकडे फार मोलाचे वाटतात. मनुष्यजातीच्या निर्भेळ परोपकारबुद्धीचे इतके प्रामाणिक मोजमाप दुसरीकडे क्वचितच उपलब्ध असेल. कारण त्या काळी बिल्ला नव्हता, छायाचित्र नव्हते, शाल नव्हती, श्रीफळ नव्हते. होते ते निव्वळ जगाचे कल्याण, आणि त्यासाठी साऱ्या संघटनेतून मिळून सालीना शंभर-सव्वाशे डॉलर.

१९२८ साली या निधीचे 'रोटरी फाउंडेशन' असे नामकरण झाले, त्याने प्रतिष्ठा वाढली, रक्कम बेताचीच राहिली. नंतर १९४७ च्या जानेवारीत रोटरीचे संस्थापक पॉल हॅरिस दिवंगत झाले. १९०५ साली शिकागोत ज्या वकिलाने तीन स्नेह्यांना जमवून पहिली बैठक भरवली, तोच हा माणूस. आपल्यासाठी फुले आणू नयेत, निधीला काही द्यावे, अशी त्यांची इच्छा सर्वत्र कळवण्यात आली आणि जे तीस वर्षांत घडले नव्हते ते दीड-दोन वर्षांत घडले; दहा लाखांहून अधिक डॉलर जमा झाले. माणसे प्रेमाने देतात याचा हा पुरावा मी मुद्दाम नमूद करत आहे, कारण पुढील मजकूर वाचून कोणाचा त्यावरचा विश्वास उडू नये. परंतु निधीच्या चालकांपुढे निराळाच प्रश्न उभा राहिला असणार. संस्थापकाने दरसाल दिवंगत होणे हा उत्पन्नाचा नियमित मार्ग होऊ शकत नाही. तेव्हा १९५७ साली त्यांनी त्याच दिवंगत संस्थापकाच्या नावाने एक सन्मान निर्माण केला. जो हजार डॉलर देईल, किंवा ज्याच्या नावे हजार डॉलर दिले जातील, तो 'पॉल हॅरिस फेलो'. आज जगभर दहा लाखांहून अधिक माणसे हा सन्मान मिरवतात, आणि आमच्याकडे त्याचा उच्चार 'पीएचएफ' असा, एखाद्या परीक्षेचे नाव घ्यावे तशा गांभीर्याने, केला जातो. "साहेब, पीएचएफ झालात का?" या प्रश्नाला नकारार्थी उत्तर देताना प्रतिष्ठित सर्जनांचा चेहरा मॅट्रिकला बसलेल्या मुलासारखा झालेला मी पाहिला आहे.

येथवर सर्व ठीक होते. एकच सन्मान, एकच रक्कम, एकच बिल्ला. परंतु मनुष्याला समानता हवी असते ती आपल्याहून वरच्या लोकांशी. खालच्या लोकांशी ती झाली की तिला तो गर्दी म्हणतो. फेलोंची संख्या वाढली तसा फेलो असण्याचा आनंद पातळ होऊ लागला, आणि दुसऱ्यांदा हजार डॉलर देणाऱ्याने असा रास्त प्रश्न केला असला पाहिजे, की माझ्यात आणि एकदाच देणाऱ्यात डोळ्यांना दिसेल असा फरक कोणता? तेव्हा बिल्ल्यात खडे बसू लागले. दुसऱ्या हजारास एक नीलमणी, तिसऱ्यास दोन, असे करत पाच नीलमण्यांपर्यंत चढावे. मग नीलमणी उतरून सातव्या हजारास एक माणिक, आठव्यास दोन, नवव्यास तीन. दहा हजार झाले की माणिके संपतात आणि हिरा उगवतो. आणि या हिऱ्याच्या धारकाला 'मेजर डोनर' ही पदवी प्राप्त होते. तेथेही मुक्काम नाही. दहा हजारांचा मेजर डोनर पहिल्या पायरीचा, पंचवीस हजारांचा दुसऱ्या, पन्नास हजारांचा तिसऱ्या आणि लाखाचा चौथ्या. पिनेबरोबर टेबलावर ठेवण्याजोगे एक स्फटिकाचे सन्मानचिन्हही असते, त्यावर नाव असते, आणि घरी ते अशा जागी ठेवण्यात येते की पाहुण्याने पाणी मागितले तरी त्याच्यावरून नजर फिरवल्याखेरीज ते त्याला मिळू नये.

ही व्यवस्था पाश्चात्त्यांनी शोधली असा पुष्कळांचा समज आहे. ज्याने मोगल दप्तराचा थोडासा परिचय करून घेतला आहे त्याला मात्र ती पाहताक्षणी ओळखीची वाटेल. दहाच्या मनसबीपासून चढत जाणारी, प्रत्येक पायरीस ठरलेला आकडा, ठरलेला पगार आणि दरबारात उभे राहण्याची ठरलेली जागा असलेली ती उतरंड अकबराने घालून दिली ती उगीच नव्हे. मनुष्य पगारावर काम करतो, पण रांगेवर जीव देतो, हे त्याने जाणले होते. रांग चुकली म्हणजे काय होते याचा दाखला तर महाराष्ट्राला निराळा सांगावयास नको. १६६६ च्या मे महिन्यात आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराजांना पंचहजाऱ्यांच्या रांगेत उभे करण्याचा प्रमाद झाला, आणि त्या एका रांगेचा हिशेब आलमगिराला पुढे उतारवयाची पंचवीस वर्षे दख्खनच्या चिखलात काढूनही पुरता चुकता करता आला नाही. परोपकारी संस्थांचे कारभारी इतिहास वाचोत वा न वाचोत, ही गोष्ट त्यांना उपजत ठाऊक असते. म्हणून डिस्ट्रिक्ट कॉन्फरन्सच्या भोजनसमारंभात मेजर डोनरांचे टेबल पुढे असते, त्यावर निराळा आच्छादन-कपडा असतो, आणि तीन माणिकांचा एखादा मानकरी चुकून तेथे जाऊन बसलाच, तर त्याला तेथून हलवण्याच्या कामी सार्जंट-ॲट-आर्म्स नावाचा अधिकारी जी मुत्सद्देगिरी दाखवतो, ती आपल्या परराष्ट्र खात्याने अभ्यासावी अशी असते.

त्या तीन माणिकांच्या मानकऱ्याविषयी मला विशेष सहानुभूती आहे. त्याची अवस्था त्रिशंकूसारखी. ९,९९९ डॉलरपर्यंत तो कितीही वर चढला तरी फेलोच, आणि आणखी एका डॉलरनिशी तो मेजर डोनर. संबंध परोपकाराच्या इतिहासात एका डॉलरला इतकी किंमत दुसरीकडे आलेली नाही. बरे, रत्नांचा क्रमही असा विचित्र की वरच्या पायरीवरच्या माणसाच्या बिल्ल्यात एकच हिरा, आणि याच्या बिल्ल्यात तीन माणके; तेव्हा ज्याला व्यवस्थेची माहिती नाही असा पाहुणा याचेच अधिक कौतुक करतो, आणि ते मुकाट्याने स्वीकारावे की आपण होऊन खुलासा करावा, या धर्मसंकटात बिचाऱ्याची संध्याकाळ जाते. मी ज्यांना पाहिले त्यांनी खुलासा केला नाही.

सभेच्या आधी 'फेलोशिप' म्हणून जो काळ असतो, आणि ज्यात हातात पेला धरून उभ्याने स्नेह वाढवावयाचा असतो, तो या खड्यांच्या निरीक्षणास सर्वोत्तम. दोन रोटेरियन भेटले की प्रथम हात मिळतात, मग ओठ हसतात आणि डोळे मात्र एका निमिषापुरते सहा इंच खाली उतरून परत येतात. त्या निमिषात समोरच्याची दानत, ऐपत आणि क्लबातील ज्येष्ठता या तिन्हींचा तपास पुरा झालेला असतो. खडे फार बारीक असतात. चाळिशी लागलेल्या माणसाला हातभर अंतरावरून नीलमणी तीन की चार हे कळणे कठीण. त्यामुळे वय जसजसे वाढते तसतसे रोटेरियन परस्परांच्या अधिकाधिक जवळ येऊन बोलू लागतात. याला बाहेरचे लोक जिव्हाळा म्हणतात, आणि परिणामाकडे पाहता मीही त्याला दुसरे नाव देणार नाही.

नीलमण्यावरून आणखी एक अडचण आमच्याकडे निघते, जी अमेरिकेत बसून सन्मानांचा तक्ता आखणाऱ्याच्या स्वप्नातही आली नसेल. नीलम हा शनीचा खडा. तो सर्वांनाच मानवत नाही. उशाखाली ठेवून आधी पाहावा लागतो, स्वप्ने शुभ पडली तरच अंगावर घालावा, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. तेव्हा साडेसाती चालू असलेल्या एका कापडव्यापाऱ्याने दुसरा हजार देण्यापूर्वी ज्योतिषाकडे पत्रिका धाडली, तर त्याला हसण्यात अर्थ नाही. ज्योतिषाने निर्णय दिला, तो दोन्ही पक्षांना शोभेल असा होता: नीलम नको, एकदम माणकापर्यंत जावे. क्लबाच्या सेक्रेटरीने त्या ज्योतिषाला पुढील महिन्यात व्याख्यानास बोलावले.

रोटरीचे वर्ष जुलैच्या पहिल्या तारखेस उजाडते आणि जूनच्या ३० तारखेस मावळते. आपल्या शेतकऱ्याचा आणि या संस्थेचा हंगाम असा एकाच वेळी ऐन भरात येतो. फरक इतकाच की जूनमध्ये शेतकरी पेरतो आणि क्लबाचा अध्यक्ष कापणीला निघतो. त्याला डिस्ट्रिक्ट गव्हर्नराचा तगादा असतो, गव्हर्नराला आणखी वरचा. वर्षभर तुरीच्या भावाखेरीज दुसऱ्या भावाची चौकशी न करणारा अडत्या त्या महिन्यात डॉलरचा दर विचारू लागतो, आणि दर महिन्याला अमेरिकेतील मुख्य कचेरीहून जाहीर होणारा 'रोटरी रेट' बँकेच्या दरापेक्षा चार आणे वर आहे की खाली, यावर फेलोशिपमध्ये अर्थशास्त्राची चर्चा रंगते. हजार डॉलर म्हणजे आजच्या हिशेबाने लाखाच्या आसपासचा मामला. तो देणाऱ्याला मी हसत नाही. लाख रुपये आपल्या माणसाच्या हातून सुटणे ही घटना, मग ती कोणत्याही खड्यासाठी असो, आदरास पात्र आहे.

परंतु या शास्त्राचा खरा कळस पुढेच आहे. बहुतेक प्रकारच्या देणग्यांत दात्याने दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे त्याच्या खात्यावर एक गुण जमा होतो, आणि हे गुण त्याला दुसऱ्याच्या नावे करून देता येतात. म्हणजे मी देणगी द्यावी आणि त्या देणगीच्या गुणांच्या बळावर माझ्या सासऱ्यांनी फेलो व्हावे. माझ्या देणगीचा आकडा त्यामुळे एका पैशानेही घटत नाही. हे ऐकून मला प्रथम महाभारतातील ययाती आठवला. तो स्वर्गास गेला, तेथे इंद्राने विचारले की तपात तुझ्या तोडीचा कोण, आणि या राजाने देव, मानव, गंधर्व यांत कोणीच नाही असे उत्तर दिल्याबरोबर त्याची खाली रवानगी झाली. मग त्याच्या मुलीच्या मुलांनी आपापले पुण्य त्याला देऊ केले आणि आजोबा पुन्हा वर गेले. पुण्याचे हस्तांतरण करण्याची ही सोय आपल्याकडे होती, परंतु तिचा नमुना-अर्ज छापलेला नव्हता, सही कोठे करावयाची हे ठरलेले नव्हते, आणि शंभरच्या खाली गुण देता येणार नाहीत असा स्वच्छ नियमही नव्हता. रोटरीने तो केला. परिणामी नातू बारशाच्या दिवशी, आपले स्वतःचे नाव कळण्यापूर्वी, पॉल हॅरिसचा फेलो होतो. विहिणीचे मन एका पिनेने राखता येते. आणि वर्गणीच्या आकड्याबद्दल अडून बसलेल्या सदस्याला "तुम्ही पाचशे द्या, पाचशे गुण मी घालतो" असे सांगून सौदा जुळवता येतो. ययातीने फुशारकी मारून स्वर्ग घालवला. येथे ती मारण्यासाठी खास संध्याकाळ नेमलेली असून तीत ध्वनिक्षेपकही असतो.

मेजर डोनराच्या बाबतीत पती-पत्नींची देणगी एकत्र मोजतात, हे आणखी एक. आमच्याकडे पूर्वी रोटेरियनच्या पत्नीला 'ॲन' म्हणत, अध्यक्षाच्या पत्नीला 'फर्स्ट लेडी' म्हणण्याची हौस तर अद्याप गेलेली नाही. व्यासपीठावर दोघांना मिळून जेव्हा तो हिरा लावण्यात येतो, तेव्हा भाषणात यजमान म्हणतात की हे सर्व हिच्या प्रेरणेने झाले. आणि पहिल्यांदाच या व्यवहाराची रक्कम ऐकत असलेल्या त्या माउलीच्या चेहऱ्यावरून प्रेरणेचा उगम अन्यत्र कोठे तरी असावा असे वाटून जाते.

अडीच लाख डॉलर झाले म्हणजे माणूस बिल्ल्याच्या कक्षेतून निघून चित्राच्या कक्षेत जातो. त्याचा प्रवेश 'आर्च क्लम्फ सोसायटी'त होतो आणि शिकागोनजीक एव्हन्स्टन गावी रोटरीच्या मुख्य कचेरीत जी चित्रदीर्घा आहे, तीत त्याची सपत्नीक प्रतिमा दाखल होते. तेथेही मंडले आहेत: अडीच लाखांचे विश्वस्तांचे, पाच लाखांचे अध्यक्षांचे, दहा लाखांचे फाउंडेशनचे, आणि त्याहून वर प्लॅटिनमची. या यादीत भारतीय जोडप्यांची संख्या चांगलीच मोठी आहे. अमेरिकेच्या खालोखाल देणाऱ्या देशांत आपण वरचेवर असतो, हे अभिमानाने सांगावे असेच आहे. आता ज्या क्लम्फ यांच्या निधीचा शुभारंभ साडेसव्वीस डॉलरांवर झाला, त्यांच्याच नावाच्या मंडळीत शिरण्यासाठी त्याच्या नऊ हजार पटींहून अधिक रक्कम मोजावी लागते, याला कोणी विपर्यास म्हणेल. मला त्यात कवित्व दिसते. लाकडाच्या व्यापाऱ्याला फळी आणि फर्निचर यांच्या किमतीतला फरक नवा वाटला नसता.

याखेरीज 'बेक्वेस्ट सोसायटी' नावाचे एक मंडळ आहे, त्याविषयी मी थोडे घुटमळणार आहे. आपल्या मृत्युपत्रात दहा हजार डॉलर किंवा अधिक रक्कम फाउंडेशनला लिहून ठेवणाऱ्याला तेथे स्थान मिळते. वरचे सर्व सन्मान पैसे पोचल्यावर मिळतात. हा असा आहे की जो पैशाच्या आधी पोचतो, कारण पैसे पोचतील तेव्हा सन्मान स्वीकारावयास सत्कारमूर्ती उपलब्ध नसणार. तर्काला हे सर्वथा धरून आहे. परंतु अशा सत्काराला सहकुटुंब येण्याचे आमंत्रण असते, आणि पहिल्या रांगेत मुलगे, सुना व जावई बसलेले असतात. गव्हर्नर सत्कारमूर्तींना दीर्घायुष्य चिंतितात. सभागृह टाळ्या वाजवते. पहिली रांगही वाजवते, परंतु त्या टाळ्यांत मला नेहमी एक प्रकारचा काटेकोरपणा ऐकू आला आहे, जणू प्रत्येक टाळीतून काही तरी वजा करत जावे तसा. एकदा एका थोरल्या चिरंजीवांनी, भाषणे चालू असताना, शेजाऱ्याला हळूच विचारले की ही रक्कम डॉलरमध्ये लिहिली आहे की रुपयांत; आणि उत्तर ऐकल्यावर त्यांनी पुढचा पदार्थ नाकारला.

एवढे सगळे ऐकून काही सात्त्विक मंडळी गुप्तदानाचा आदर्श पुढे करतील. गुप्तदानाची थोरवी मला मान्य आहे. परंतु महाराष्ट्रात तरी, ज्यांनी गुप्तदान केले त्यांची नावे मला एकूणएक ठाऊक आहेत, आणि ती त्यांनीच सांगितलेली आहेत. आणि प्राचीनांचा दाखला द्यावयाचा तर तो उलटाच पडतो. कार्ल्याच्या लेण्यात जाऊन पाहावे. त्या भव्य चैत्यगृहाच्या खांबाखांबांवर ते ते खांब देणाऱ्यांची नावे, आणि त्यांच्या गावांची नावे, कोरलेली आहेत. त्यांत धेनुकाकट येथील यवनही आहेत, तेव्हा आंतरराष्ट्रीय दात्यांचा सत्कार करण्याची पद्धत आपल्या सह्याद्रीत दोन हजार वर्षांची आहे असे म्हणण्यास हरकत नाही. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी तर लेखात सांगतो की आपण पुरे केलेले हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम आहे. मेजर डोनराच्या स्फटिकावर इतके लिहावयास जागाच नसते. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाचा, लेख त्याच्याही पुढचा. त्यात तीन लाख गाई, सोळा गावे अशा दानांची जंत्री दिली आहे. आणि शिवाय दुसऱ्या एका लेखात गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमचे ठेवून, मूळ रकमेला हात लावू नये, फक्त व्याजातून भिक्षूंची वस्त्रे व इतर खर्च चालवावा, अशी तजवीज केली आहे. क्लम्फ यांनी अटलांटात सुचवला तो हाच कायम निधी, अठरा शतके उशिरा आणि व्याजाच्या दराचा उल्लेख वगळून. उषवदाताने दर सांगितला, रक्कम सांगितली, श्रेणी सांगितल्या, आणि आपले नाव तर सासऱ्याच्या नावासकट सांगितले. भिक्षूंपैकी कोणाही एकाचे नाव मात्र त्या लेखात नाही.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते घेणारे, त्यांची ओळख कशी ठेवतात हे पाहू गेल्यास एक गंमत आढळते. १९८५ साली रोटरीने पोलिओच्या निर्मूलनाचा संकल्प सोडला. १९८८ साली जगात सव्वाशे देशांत दरसाल साडेतीन लाख मुले या रोगाने पंगू होत असावीत असा अंदाज होता. आपल्याकडील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावड्याला आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आपला आग्नेय आशियाई विभाग पोलिओमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. या कामात सरकारचा, आरोग्यसेविकांचा आणि दारोदार हिंडलेल्या अंगणवाडीच्या बायांचा वाटा केवढा होता हे सर्वांस माहीत आहे. परंतु लशीपासून बुथावरच्या पिवळ्या फलकापर्यंत जो पैसा लागला त्यात त्या नीलमण्यांचा आणि माणकांचाही वाटा होता, हे विसरून चालणार नाही. तर त्या मोहिमेत, दोन थेंब घेतलेल्या मुलाला ओळखता यावे म्हणून, त्याच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण करत. देणाऱ्याच्या डाव्या छातीवर खडा आणि घेणाऱ्याच्या डाव्या करंगळीवर शाई! दोन्ही खुणांचा हेतू एकच, की दुसऱ्या फेरीत गल्लत होऊ नये. मात्र करंगळीवर काळे नख असलेली दोन मुले समोरासमोर आली, तर कोणाची शाई अधिक गडद हे ती पाहत नाहीत. फार तर एकमेकांच्या हातातली शिट्टी हिसकावतात.

म्हणून मी या मनसबदारीचा निषेध करणार नाही. सात्त्विक वृत्तीवर चालवलेल्या निधीत सहा वर्षांत ७०० डॉलर जमतात आणि अहंकारावर बसवलेल्या कराचे उत्पन्न कोट्यवधींत जाते, हे एकदा दप्तरावरून सिद्ध झाल्यावर, अहंकाराची निंदा करणे म्हणजे वसुलीत खोडा घालणे आहे. जगातल्या इतर सर्व करांच्या बाबतीत माणूस तो चुकवण्यासाठी वकील धरतो. हा एकच कर असा, की जो भरून झाल्यावर मनुष्य वरच्या दराने आकारणी करण्याचा आग्रह धरतो आणि पावती छातीवर लावतो.

गेल्या जूनमध्ये अशाच एका सभेत, वक्ता या नात्याने चार शब्द बोलताना, मी वरच्यापैकी काही मजकूर सौम्य करून सांगितला, आणि शेवटी एक बारीकसा मुद्दा मांडला. आर्च क्लम्फ १९५१ साली वारले. पॉल हॅरिस फेलो हा सन्मान सुरू झाला १९५७ साली. म्हणजे ज्यांनी हा निधी काढला ते स्वतः हयातीत फेलो होऊ शकले नाहीत, मेजर डोनर झाले नाहीत, आणि ज्या सोसायटीला त्यांचे नाव आहे तिच्या उंबऱ्याशीही, त्या काळच्या डॉलरच्या हिशेबाने, ते पोहोचले असतील असे वाटत नाही. सभागृहात क्षणभर चुळबुळ झाली. संस्थेच्या आद्य पुरुषाच्या कोटावर एकही खडा नसावा ही कल्पना कोणालाच रुचली नसावी. मग मागच्या रांगेतून पाच नीलमण्यांचे एक वयोवृद्ध दंतवैद्य उठले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, माझ्या खात्यावर काही गुण शिल्लक आहेत. मरणोत्तर देता येतात का?"

सेक्रेटरींनी नियमांची पुस्तिका उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "देता येतात, डॉक्टर. पण तुमच्या खात्यावर पंचाऐंशीच आहेत. आणखी पंधरा डॉलर भरावे लागतील, आणि तेही ३० तारखेच्या आत."